तीन टिंबं

दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मजकूर येतो, मी वाचते, अडखळणारं वाक्य सरळ करते, अर्धवट राहिलेलं पुरं करते आणि पुढे पाठवते. हेच काम मी कामाच्या वेळेबाहेर, फुकटात आणि कुणी न सांगता, समोरच्याच्या तोंडातल्या वाक्यांवरही करते, हे मला वयाच्या ४४व्या वर्षी कळलं. कळलं असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. ते माझ्याच हातून टाइप झालं.

बाबांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या असं आम्हा भावंडांचं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी एका दुपारी मी फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि पहिल्या नोकरीबद्दल विचारलं. ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. गप्पा मस्त रंगल्या असं मला वाटलं. दादाला ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, म्हणून रात्री मी ते उतरवून काढायला बसले.

बोललेलं उतरवताना एक साधा नियम असतो. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं झालं नाही की तिथे तीन टिंबं द्यायची. पहिल्याच पानावर टिंबं जरा जास्त वाटली. म्हटलं, बाबांचं वय झालं, बोलता बोलता धागा सुटत असेल. दुसऱ्या पानावर लक्षात आलं की टिंबांच्या खालची ओळ दर वेळी माझी आहे. मग मोजली. ४७.

एक जागा अशी होती :

बाबा : त्या रात्री मी ऑफिसात परत गेलो ते...

मी : सायकलने ना?

बाबा : हो, सायकलने.

मी : ती हिरवी? जिची चेन सारखी पडायची?

बाबा : हो, तीच.

यापुढे चार मिनिटं सायकल. मीच बोलतेय, बाबा हो हो म्हणताहेत. रात्री ऑफिसात परत जायची वेळ का आली, हे त्या ४० मिनिटांत कुठेही नाही. ती जागा मी तीनदा मागे नेऊन ऐकली. 'ते' म्हणताना बाबांचा आवाज किंचित वर चढलाय, पुढे काहीतरी यायचंय असा. आणि त्यावर माझा आवाज येऊन पडतो, लख्ख आणि आनंदी.

दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "बाबा, त्या रात्री तुम्ही परत कशाला गेला होतात?" ते म्हणाले, "कुठली रात्र? जाऊ दे गं आता."

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या कामाच्या ठिकाणी पूर्वी एक सहकारी होते, मीटिंगमध्ये कुणाला दोन वाक्यं सलग बोलू द्यायचे नाहीत. त्यांची नक्कल मी घरी फार छान करायचे. हात वर करून "एक मिनिट, एक मिनिट" म्हणायची त्यांची लकब मला अचूक जमायची. कुसळ-मुसळाची म्हण आपण लहानपणापासून घोकतो, पण डोळ्यात मुसळ असताना ती आपल्याला दुसऱ्यांसाठीच आठवते.

पुढचे काही आठवडे मी सुधारण्यात घालवले असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात ते समर्थनं शोधण्यात गेले. आणि शोधली की सापडतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांचं म्हणणं असं की, कुणी मध्ये बोललं म्हणजे त्याने बोलणं तोडलंच असं समजू नये; काही लोकांच्या गप्पांमध्ये एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं ही रस असल्याची, आपुलकीची खूण असते. हे वाचून मला केवढं हायसं वाटलं! म्हणजे मी तोडत नाही, मी साथ देते, तबल्यासारखी. दोन-तीन दिवस मी या तबल्यावर खूश होते. मग परत ते सायकलचं पान समोर आलं. साथ करणारा गाणाऱ्याला समेवर आणून सोडतो. मी बाबांना सायकलवर बसवून भलत्याच गल्लीत नेऊन सोडलं होतं.

१९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी डॉक्टर आणि पेशंट यांच्यातली ७४ संभाषणं तपासली. पेशंट तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला अडवत होते. त्यातही मला आधी दिलासाच मिळाला, की चला, शिकलेसवरलेले लोकही आपल्यासारखेच. पण त्यातली दुसरी गोष्ट बोचली. माणूस पहिल्यांदा सांगतो ती तक्रार त्याची मुख्य तक्रार असेलच असं नाही, आणि अडवलेलं बोलणं नंतर क्वचितच पुरं होतं.

शेवटी म्हटलं, घरच्यांनाच विचारावं.

नवऱ्याला विचारलं, "माझ्यात सगळ्यात खटकणारी गोष्ट कोणती?" त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, "खरं सांगू? तू ना, समोरचा बोलत असताना..."

"ऐकत नाही, हेच ना?"

तो काही बोलला नाही. हसत बसला. मीही हसले, पण ओशाळून.

लेकीचं उत्तर जास्त लागलं. ती १३ वर्षांची. म्हणाली, "अगं, मी तुला गोष्टी शेवटाकडूनच सांगते ना."

म्हणजे?

म्हणजे शाळेत काही झालं, तर ती आल्या आल्या शेवट सांगून टाकते. "आज मी रडले," किंवा "आमची टीम जिंकली." मग सवड मिळेल तसं बाकीचं. मला वाटायचं, किती थेट आहे ही पोरगी, मुद्द्याचं बोलते. तिने तर हिशेब केला होता. आईकडे पहिली १० सेकंदं आपली असतात, महत्त्वाचं तेवढ्यात बसवायचं.

मग मला एकेक दिसायला लागलं. ताईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी ऐकून घे." मी समजत होते, ती तिची बोलायची पद्धत आहे. कामावरची एक तरुण सहकारी मला कधीच तोंडी काही सांगत नाही, चार ओळी लिहूनच आणते. मी तिच्या नीटनेटकेपणाचं चारचौघांत कौतुक केलं होतं! बाबा तर 'हो, सायकलने' म्हणून मोकळे होतात. या सगळ्यांना माझी खोड केव्हाची ठाऊक होती, आणि कुरकुर न करता प्रत्येकाने तिच्या बाजूने आपापली पायवाट काढली होती. खड्डा तेवढा मला माहीत नव्हता.

१९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी मांडलेली जोहारी खिडकी ही आकृती पुष्कळांनी प्रशिक्षणात पाहिली असेल. दोघांच्या पहिल्या नावांचे तुकडे जोडून तिचं नाव झालं. चार खण, आणि त्यातला एक इतरांना दिसणाऱ्या पण आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींचा. कामावरच्या शिबिरांत ती खिडकी मी दोनदा काढली होती. त्या खणात मी स्वतःच 'कामात फार गुंतून जाते' असं लिहिलं होतं. जो खण आपल्याला दिसत नाही तो आपणच भरायचा, यात काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही आणि शिकवणाऱ्यालाही.

तर संकल्प. उद्यापासून कुणाचंही बोलणं तोडायचं नाही. हा संकल्प दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपला. संपल्याचं मला अकराला कळलं.

खरी अडचण तिथेच होती. कळतं पण वळत नाही असं आपण म्हणतो. माझं तर वेळेवर कळतच नव्हतं. म्हणून एक छोटी वही घेतली आणि ठरवलं, सध्या सुधारायचं नाही, नुसती रेघ मारायची. अमेरिकी मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी असंच केलं होतं. १३ गुणांची यादी, वहीत आखलेली पानं, चुकलं की काळा ठिपका, आणि दर आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष. यादीत दुसरा गुण मितभाषण. शेवटचा, तेरावा, नम्रता. तो मात्र त्याला सुचलेला नव्हता, 'तू गर्विष्ठ आहेस' असं एका मित्राने तोंडावर सांगितल्यावर त्याने तो यादीत घातला. आणि पुढे आत्मचरित्रात सरळ कबूल केलं की नम्रता अंगी बाणल्याचा दावा मी करणार नाही, नम्र दिसणं मात्र बऱ्यापैकी जमलं. हा माणूस मला त्या एका कबुलीसाठी आवडतो.

माझ्या वहीत तारीख, रेघा, आणि ज्याचं बोलणं तोडलं त्याचं आद्याक्षर. आद्याक्षर सहज म्हणून लिहायला लागले होते, त्यात काही विचार नव्हता. पण तीन आठवड्यांनी पानं उलटताना तेच अंगावर आलं.

लेक : ५८. नवरा : ४१. ती तरुण सहकारी : १९. ताई, जिच्याशी आठवड्यातून दोनदाच बोलणं होतं : १४. आणि आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांच्यासमोर मी रोज अर्धा तास बसते, जे एक वाक्य संपवायला तीन थांबे घेतात आणि ज्यांचं पुढचं वाक्य मला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं? शून्य.

एकही रेघ नाही!

तोवर माझं सगळं समर्थन एका गृहीतावर उभं होतं. माझा स्वभावच तसा, डोकं भरभर चालतं, तोंडावर ताबा राहत नाही. जित्याची खोड वगैरे. त्या शून्याने ते सगळं निकालात काढलं. ताबा होता, अगदी चोख होता. कुणासमोर वापरायचा आणि कुणासमोर नाही, याची निवडही होत होती, आणि ती करणारी मीच होते. ज्यांचं वाक्य तोडलं तर आपलं काही बिघडत नाही, त्यांचंच मी तोडत होते. त्या यादीत सगळ्यात वर माझी १३ वर्षांची मुलगी होती. त्या रात्री मी वही मिटून ठेवली आणि पुढचे चार दिवस उघडली नाही.

पाचव्या दिवशी उघडली, कारण त्या शून्यातच एक सोय दडलेली होती. प्रमुखांसमोर मी नेमकं काय करते? मुद्दाम निरखलं. बोलावंसं तिथेही वाटतं. पण मी श्वास सोडते. बस, एवढंच.

मग बाबांचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. या वेळी शब्द सोडून दिले. बहुतेक ठिकाणी माझ्या मध्ये पडण्याआधी एक बारीक आवाज होता : चटकन आत घेतलेला श्वास. पोहणारा पाण्याबाहेर तोंड काढून घेतो तसा. एकदा ऐकू आल्यावर तो सगळीकडे ऐकू यायला लागला. जीभ टाळूला टेकते, छाती थोडी वर येते, श्वास आत, आणि शब्द बाहेर.

अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली नखं खाणं, केस उपटणं, अंगाला सारखे झटके देणं अशा सवयींवर एक पद्धत मांडली होती. सवय सुरू होण्याआधीची अगदी पहिली खूण ओळखायला शिकायचं, आणि ती दिसताच अशी एखादी हालचाल करायची की जी चालू असताना ती सवय करताच येत नाही. नखं खाणाऱ्याने मूठ आवळायची, असं. माझी पहिली खूण म्हणजे तो श्वास. आणि त्याच्या विरुद्धची हालचाल मला माझ्याच भित्रेपणाने आयती शिकवून ठेवली होती. श्वास आत गेला की हळूच सोडून द्यायचा. रिकाम्या छातीने वाक्य सुरू करता येत नाही. करून बघा, आवाज तोंडातल्या तोंडात राहतो.

ऐकता ऐकता उत्तर मनात तयार होणं हा काही गुन्हा नाही, हेही याच सुमारास वाचलं आणि जरा बरं वाटलं. वेगवेगळ्या १० भाषांमधलं बोलणं मोजून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. साधा एक शब्द मनात जुळवून तोंडातून काढायला मात्र त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजू लागतं, सगळ्यांचंच. माझ्यात दोष होता तो झाकण आधी उघडण्याचा.

ही फुंकर घालायला लागल्यावर पहिल्या महिन्यात विचित्र गोष्टी घडल्या. नवऱ्याने दोनदा विचारलं, "रागावलीस का?" लेक म्हणाली, "आई, तू आत्ता मोजतेयस ना? चेहऱ्यावर दिसतंय." माझा चेहरा ऐकणाऱ्या माणसाचा न राहता शिस्तीत उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याचा झाला होता. बाबांशी फोनवर बोलताना मी इतकी गप्प राहिले की ते "हॅलो? हॅलो? लाईन गेली वाटतं," म्हणून फोन ठेवून मोकळे झाले.

तेव्हा हुंकाराची आठवण झाली. लहानपणी गोष्ट ऐकताना मोठी माणसं म्हणायची, हुंकार दे, नाहीतर गोष्ट थांबेल. 'हं' म्हणायला शब्द लागत नाही, श्वासही जेमतेम लागतो, आणि सांगणाऱ्याच्या हातून काही काढून घेतलं जात नाही. मी नव्याने हुंकार द्यायला शिकले. हसू येईल, पण त्यातही प्रकार आहेत. "हं हं हं" असं भरभर म्हटलं की ते 'आटप' असं ऐकू येतं. ताईने मला तेही सांगितलं.

डोक्यात आलेलं विसरून जाईन ही भीती होतीच. त्यावर कागद ठेवला. मीटिंगमध्ये काही सुचलं की बोलायचं नाही, एक शब्द टिपायचा. एका दुपारी कागदावर ११ शब्द जमले. बैठक संपताना पाहिलं तर त्यातले सहा दुसऱ्या कुणीतरी बोलून झाले होते, तीन शब्दांची गरज उरली नव्हती. उरलेले दोन मी बोलले. इतकी वर्षं त्या इतर नऊंसाठी मी किती जणांना थांबवलं असेल, हा हिशेब मुद्दाम केला नाही.

२१ दिवसांत सवय बदलते असं जे सांगतात, त्याचा माझ्यापुरता अनुभव असा की २१व्या दिवशी माझी लेकीशी कडाक्याची भांडाभांडी झाली आणि त्या दहा मिनिटांच्या रेघा मला मोजता आल्या नाहीत. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि त्या होत्या रोज पाणी पिण्यासारख्या, नव्याने लावून घ्यायच्या साध्या सवयी. जुनी घालवायला किती लागतात, ते ज्याचं त्याने बघावं. मी दमलेली असले, किंवा मीच बरोबर आहे याची मला खात्री असली, की फुंकर विसरते. दुसरं कारण जास्त वाईट आहे, कारण दमणं रोज नसतं.

आठ महिने झाले. वहीत अजून रेघा पडतात; लेकीच्या नावापुढे गेल्या आठवड्यात चार होत्या. तिने अलीकडे एक गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. मध्येच थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे सांगू लागली. मी त्यावर काही बोलले नाही.

मागच्या महिन्यात बाबांकडे गेले तेव्हा ते रेकॉर्डिंग सोबत नेलं. त्यांना तो तुकडा ऐकवला. "त्या रात्री मी ऑफिसात परत गेलो ते..." "सायकलने ना?" "हो, सायकलने."

बाबांनी चष्मा काढला. "सायकल?" ते म्हणाले. "सायकल नव्हतीच गं माझ्याकडे तेव्हा. ती हिरवी तुझ्या जन्मानंतर घेतली."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तू इतकी खुशीत विचारलंस."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. श्वास आत गेला होता. तो सोडला. बाबा चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले, एक, मग दुसरी.

"कुलूप बघायला गेलो होतो," ते म्हणाले. "कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. घरी येऊन आडवा झालो आणि वाटलं, लावलं का आपण? चालत गेलो. पाऊण तास लागायचा."

"हं."

"लावलेलं होतं."

गोष्ट संपली असं मला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. चष्मा अजून त्यांच्या हातातच होता.

"मग घरी आलो," बाबा म्हणाले, "आणि परत गेलो."